शंकरपट आणि धुरकऱ्याची मर्यादा



शर्यत म्हटली कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम घोडे येतात, नाहीं तर मोटारी येतात. अलीकडे त्यांत मातीच्या उंचसखल वाटेवरून मोटारसायकली उडवीत नेण्याच्या शर्यतींची भर पडली आहे. हा खेळ १९२४ सालीं इंग्लंडांत, सरे परगण्यांतील कँबर्ली गांवच्या माळावर जन्मास आला असें मानतात. आणि पुढें शंभर वर्षांनीं, २०२४ च्या जानेवारींत, पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडासंकुलांत आपल्या लोकांनींहि तो डोळे भरून पाहिला. त्या खेळांत एक वाद कायमचा आहे. नियम तसे स्पष्ट आहेत. निळें निशाण दिसलें कीं मागून वेगानें येणाऱ्याची वाट अडवूं नये. पिवळें निशाण हालतांना दिसलें कीं पुढें कोणी पडला आहे असें समजून वेग आवरावा, कोणास ओलांडूं नये, उडीहि घेऊं नये. तरीहि वळणावर दुसऱ्याच्या चाकापुढें आपलें चाक घालून त्याला कडेला लोटणाऱ्या स्वारास शूर म्हणावें कीं उद्धट म्हणावें, ह्यावर जाणत्यांचींहि मतें मिळत नाहींत.

हा वाद यंत्राबरोबर आलेला नाहीं. माणसानें पहिल्यानें दोन जनावरें जुंपून त्यांना दुसऱ्याच्या जनावरांपुढें काढण्याची ईर्ष्या धरली, त्या दिवशींच तो उत्पन्न झाला. आपल्या महाराष्ट्रांत त्याचें जुनें व जिवंत उदाहरण पाहावयाचें तर वऱ्हाडांत जावें लागेल. म्हणून आज यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्तानें शंकरपटाविषयीं, आणि विशेषतः शंकरपटांत जोडी हांकणाऱ्या धुरकऱ्याच्या वर्तनाविषयीं, दोन शब्द सांगावयाचे योजिलें आहे.

यवतमाळ हा वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत दिला, त्यानंतर ह्या भागाचा जो जिल्हा बनला त्यास वणीच्या नांवावरून ‘वून’ म्हणत. यवतमाळ हें नांव जिल्ह्यास १९०५ सालीं मिळालें. पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, मध्यें डोंगराळ पठार आणि खोऱ्याखोऱ्यांतून कपाशीची काळी जमीन. जमीन अशी कीं पावसाळ्यांत तिच्यांत चाक रुतलें तर माणसाच्या बळानें निघत नाहीं, बैलच पाहिजे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली आणि ह्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पण लोहमार्ग वऱ्हाडच्या उत्तर भागांतून नागपुराकडे गेला. यवतमाळास मुर्तिजापुराहून अरुंद रुळांची गाडी, जिला पुढें लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणूं लागले, ती येण्यास १९०३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत ह्या प्रांतीचा कापूस धामणगांवच्या स्टेशनापर्यंत पोहोंचवावयाचा तो बैलांनींच. ज्याची जोडी चपळ त्याचा माल बाजारांत आधीं. ज्याचा माल आधीं त्याला भाव बरा. तेव्हां चपळ बैलाचें कौतुक हें तेथें निव्वळ हौसेचें कौतुक नव्हतें, त्याच्या मागें पोटाचा हिशेब होता.

बैलहि त्या कौतुकास शोभणारे होते. वर्धा-नागपूर बाजूची ‘गवळाऊ’ जात अंगानें सडपातळ, रंगानें पांढरी-करडी, पायाची हलकी. मराठ्यांच्या फौजांची जलद वाहतूक ह्याच बैलांनीं केली असें परंपरा सांगते. खुद्द वऱ्हाडांत ‘उमर्डा’ जातीच्या बैलांना मान होता. घरच्या माणसांना लवकर परगांवीं न्यावयाचें तर जड गाडी न जुंपतां हलकी रेंगी किंवा दमणी जुंपीत, आणि वाटेंत दुसरी दमणी भेटली तर दोन्हीं गाड्यांतील माणसांच्या मनांत काय येत असेल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

शंकरपट हा ह्याच ईर्ष्येला लागलेला उत्सवाचा मुलामा. बैल हें शंकराचें वाहन, आणि पट म्हणजे धांवेसाठीं आंखलेली जमिनीची पट्टी. कपाशीची वेंचणी उरकत आली, जोंधळा घरांत आला, कीं संक्रांतीच्या सुमारास पटांचा हंगाम सुरू होतो. गांवाबाहेरची जमीन साफ करून, दगडगोटे वेंचून, ढेकळें फोडून सरळ पट्टी तयार करतात. कोठें दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं आंखून दोन जोड्या एकदम सोडतात. कोठें एकच जोडी सोडून तिला लागलेला वेळ मोजतात, आणि हल्लीं तो वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजणारीं यंत्रें आलीं आहेत. गाडी म्हणाल तर नांवाची. दोन चाकें, एक धुरा आणि बसावयास टीचभर जागा. त्या धुरेवर बसतो तो धुरकरी. मदतनीस जोडीला थोपवून धरतात, निशाण पडतें, आणि श्वास रोखलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत कांहीं सेकंदांत सारें संपतें. आपल्या पट्टीच्या बाहेर गेलेली जोडी कितीहि वेगानें गेली तरी ती बाद.

पुणें जिल्ह्यांतील खेड, जुन्नर, आंबेगांव ह्या भागांतील घाटावरच्या बैलगाड्यांत आणि ह्या पटांत एक महत्त्वाचा भेद आहे. तेथें गाड्यावर हांकणारा बसत नाहीं. पुढें घोडी धांवते व तिच्या मागें बैल. वऱ्हाडांत मात्र धुरकरी जोडीच्या पाठीशींच बसलेला असतो. त्याचा हात बैलाच्या पाठीपर्यंत सहज पोहोंचतो. म्हणून जय झाला तर तो त्याचा, आणि बैलाच्या अंगावर वळ उठला तर तोहि त्याचाच. त्या हातानें काय करावें आणि काय करूं नये, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनीं फार प्राचीन काळीं केलेला दिसतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत, एकशेंदोनाव्या सूक्तांत, मुद्गल आणि मुद्गलानी ह्यांची कथा सूचित केली आहे. रथाला एका बाजूस बैल आणि दुसऱ्या बाजूस लांकडाचा सोटा जुंपून, सारथ्य करणाऱ्या मुद्गलानीनें हजारों गाई जिंकल्या. ही शर्यत होती, लढाई होती कीं गाई परत आणण्यासाठीं केलेला पाठलाग होता, ह्याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. पण बैलाच्या रथाचे वेग हातीं धरणारी एक स्त्री आपल्या आद्य वाङ्मयांत उभी आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. यवतमाळ जिल्ह्याला लागूनच अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर म्हणून गांव आहे. तेथील शंकरपट साऱ्या वऱ्हाडांत विख्यात आहे आणि त्यांत स्त्रियाहि जोड्या हांकतात. ज्यांना ही गोष्ट नवलाची वाटते त्यांनीं मुद्गलानीचें स्मरण करावें.

शर्यतींतील शिष्टाचाराची त्याहून बोलकी कथा ऐतरेय ब्राह्मणांत आहे. देवांमध्यें एका स्तोत्रावरून वाद पडला. तें कोणाचें हें ठरेना. तेव्हां त्यांनीं शर्यत लावली: गार्हपत्य अग्नीपासून निघावयाचें आणि सूर्यापर्यंत जावयाचें. अग्नि खेंचरांच्या रथांत, उषा तांबड्या गाईंच्या रथांत, इंद्र घोड्यांच्या रथांत आणि अश्विनीकुमार गाढवांच्या रथांत. अग्नि पुढें निघाला. अश्विनीकुमार मागून आले. त्यांनीं त्याच्या रथावर रथ घातला नाहीं, तर वाट मागितली. अग्नीनें, मलाहि ह्यांत वांटा असावा, अशी अट घालून वाट दिली. पुढें उषेनें तसेंच केलें, इंद्रानेंहि तसेंच केलें, आणि अश्विनीकुमार जिंकले. मागून येणाऱ्यानें वाट मागावी, पुढच्यानें ती अडवूं नये आणि जिंकणाऱ्यानें हरलेल्यांचा वांटा विसरूं नये, अशा तीन मर्यादा ह्या एका कथेंत आल्या आहेत.

पण ती कथा येथें संपत नाहीं. ब्राह्मणकार पुढें जनावरांचें काय झालें तें सांगतो. अग्नीनें हांकतांना खेंचरांचे गर्भाशय जाळले, म्हणून खेंचराला प्रजा होत नाहीं. अश्विनीकुमारांनीं गाढवांचा सारा वेग त्या एका धांवेंत काढून घेतला, म्हणून तेव्हांपासून गाढव हें वाहनांमध्यें सर्वांत मंद. शास्त्र म्हणून ही गोष्ट कोणी खरी मानणार नाहीं. परंतु शर्यत जिंकली तरी जनावरानें दिलेली किंमत लिहून ठेवली पाहिजे, ही जाणीव तींत आहे. देवसुद्धां त्या हिशेबांतून सुटले नाहींत.

आतां माणसांकडे येऊं. रोमन साम्राज्याच्या काळीं ग्रीक भाषेंत लिहिणारा ईलियन नांवाचा लेखक होऊन गेला. प्राण्यांच्या स्वभावाविषयींच्या आपल्या ग्रंथांत त्यानें हिंदुस्थानांतील बैलांच्या शर्यतीचें वर्णन केलें आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं राहिलेल्या मेगॅस्थेनिसच्या वृत्तांतावरून त्यानें तें घेतलें असावें, असा पंडितांचा तर्क आहे. राजा आणि मोठमोठे सरदार चपळ बैलांवर सोन्यारुप्याच्या पैजा लावीत. रथाला मध्यें घोडे आणि दोन्हीं बाजूंस एकेक बैल जुंपीत. धांव तीस स्टेडिया, म्हणजे सुमारें साडेपांच किलोमीटर. बैल घोड्यांच्या बरोबरीनें धांवत. राजानें स्वतः पैज लावली असली तर तो इतका चेततो कीं आपला रथ मागोमाग नेऊन सारथ्याला भर देत राहतो. आणि मग ईलियन एक बारीकशी गोष्ट नोंदवितो. सारथि घोड्यांना पराणी टोंचतो ती इतकी कीं रक्त वाहूं लागतें; पण बैलांना तो हात लावीत नाहीं, कारण ते टोंचल्यावांचूनच धांवतात.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजाची पैज लागली आहे, राजा स्वतः पाठीमागून ओरडतो आहे, सोनें पणाला आहे. तरी बैलाच्या अंगाला पराणी नाहीं. ह्यांत घोड्यांवर झालेली क्रूरता लपत नाहीं, आणि ती लपवूंहि नये. परंतु पराणीवांचून बैल धांवत नाहीं, ती तर परंपराच आहे, असें जे सांगतात, त्यांच्यासमोर दोन हजार वर्षांपूर्वींची ही साक्ष ठेवण्यासारखी आहे. बैलाला न मारतां पळविणें हीच ह्या विद्येची जुनी कसोटी होती, असें तीवरून म्हणतां येतें.

प्रतिस्पर्ध्याशीं कसें वागावें ह्याविषयींचा जगांतील एक अत्यंत जुना खटला होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या तेविसाव्या सर्गांत आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यसंस्कारानिमित्त रथांची शर्यत लागते. पावसानें वाट एका ठिकाणीं खचून अरुंद झालेली असते. तरुण अँटिलोकस तेथेंच आपला रथ मेनेलाऊसच्या रथाशीं घालतो. दोघे रेटले तर दोघेहि उलथणार, हें ओळखून वडीलधारा मेनेलाऊस आपले घोडे आंवरतो, आणि अँटिलोकस पुढें जातो. बक्षिसाच्या वेळीं मेनेलाऊस त्याला सांगतो कीं, चाबूक हातांत घे, आपल्या घोड्यांना स्पर्श कर आणि मी कपटानें तुझी वाट अडविली नाहीं अशी देवाची शपथ वाहा. तरुण शपथ घेत नाहीं. आपलें चुकलें, तारुण्याचा उतावीळपणा झाला, असें म्हणून तो बक्षिसाची घोडी पुढें करतो. आणि मेनेलाऊस तितक्याच मोठ्या मनानें ती त्याला परत देतो.

शपथ कशाला हात लावून घ्यावयाची, तें पाहा. आपल्या जनावरांना! धुरकऱ्याच्या वर्तनाचे खरे साक्षीदार तींच असतात. मोटारसायकलीला साक्ष देतां येत नाहीं. तिचा स्वार आक्रमक झाला तर तो आपलें आणि दुसऱ्याचें हाड मोडतो, पण यंत्राला वेदना होत नाहीं. बैलांच्या शर्यतींत वेदना सोसणारे दोन जीव असे असतात कीं ज्यांनीं पैज लावलेली नाहीं आणि ज्यांना बक्षीस मिळणार नाहीं. म्हणून येथील मर्यादा मोटारसायकलीच्या मर्यादेहून कडक असली पाहिजे.

तिसरी मर्यादा प्रेक्षकांची. ती सुटली तर काय होतें हें कॉन्स्टँटिनोपल शहरानें ५३२ सालीं पाहिलें. तेथें रथांच्या शर्यतींत निळे आणि हिरवे असे दोन पक्ष होते. त्या पक्षांच्या दंग्यांतून बंड उभें राहिलें, शहर जळलें आणि तीस हजारांवर माणसें मारलीं गेलीं, असें तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. आपल्याकडील पटांत तसें कांहीं घडलें नाहीं ही भाग्याची गोष्ट. पण पट्टीच्या कडेला दाटलेली, आरडाओरडा करणारी, जोडी येतांच आंत झुकणारी गर्दी धुरकऱ्याच्या हाताला कोणतें बळ देते, ह्याचा विचार व्हावयास हवा.

वऱ्हाडच्या खेड्यांत ह्या मर्यादा कोठें लिहिलेल्या नव्हत्या. त्या आचारांत होत्या. पोळ्याचा सण घ्या. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे तुपाहळदीनें शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आमंत्रण देतात. सणाच्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. सायंकाळीं तोरणाखालीं गांवांतील साऱ्या जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात. पण ज्या बैलाच्या डोक्यावर मानाचें मखर, तो पुढें गेल्यावांचून दुसऱ्यानें तोरण ओलांडावयाचें नाहीं. एखाद्यानें उतावीळपणानें जोडी पुढें काढली तर तेवढ्यावरून घराघरांत वैर पडे. म्हणजे कोणी केव्हां पुढें जावें, ह्याचा विवेक पटावर येण्यापूर्वींच शेतकऱ्याच्या अंगीं मुरलेला असे.

त्याहूनहि बळकट असा एक आधार होता. पूर्वीं पटाची जोडी आणि औताची जोडी बहुधा एकच असे. आज पटावर धांवलेल्या बैलांना उद्यां वखर ओढावयाचा असे. त्यांना पटावर लुळें केलें तर पुढच्या मृगांत शेत पडीक राहणार. त्यामुळें धुरकऱ्याचा हात दयेनें थांबला नाहीं तरी स्वार्थानें थांबत असे. आतां ट्रॅक्टर आला, औताचे बैल कमी झाले आणि पटासाठींच पोसलेल्या, मोठ्या किंमतीस विकत घेतलेल्या निराळ्या जोड्या आल्या. बक्षिसें वाढलीं. बैलांच्या धांवेसाठीं मोटारसायकल आणि ट्रॅक्टर बक्षीस ठेवण्याची पद्धत पडली. बैलाला ज्यानें शेतांतून हांकलून दिलें तेंच यंत्र त्याच्या पराक्रमाचें बक्षीस व्हावें, ही काळाची थट्टाच म्हणावयाची. ह्या बदलांत स्वार्थाचा जुना लगाम तुटला, आणि पैजेची पराणी मात्र उरली. शेपटी पिरगाळणें, ती दांतांनीं चावणें, खिळ्याची काठी टोंचणें असे प्रकार देशांत ठिकठिकाणीं सर्रास होऊं लागले. आचार सुटला तेव्हां कायदा आला.

कायद्याचीहि एक लांबलचक वाट आहे. गुरांना क्रूरपणें वागविण्याविरुद्ध इंग्लंडांत १८२२ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांत १८९० चा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर विख्यात नर्तकी आणि राज्यसभेच्या सभासद रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनीं नवें विधेयक पुढें आणलें, त्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा निष्पन्न झाला. त्याखालीं १९६५ सालीं ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीं नियम झाले. त्यांत अणकुचीदार काठीला बंदी आहे. ३७ अंश सेल्सिअसहून अधिक उष्मा असेल तेथें दुपारीं १२ ते ३ जनावर जुंपूं नये, असेंहि त्यांत आहे. यवतमाळच्या उन्हाळ्याची ज्यांना ओळख आहे त्यांना ह्या नियमाचें मोल सांगावयास नको.

२०११ च्या ११ जुलै रोजीं केंद्र सरकारनें, ज्या प्राण्यांचे खेळ करून दाखवूं नयेत अशा प्राण्यांच्या यादींत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह ह्यांच्या जोडीला बैल घातला. २०१४ च्या ७ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यतीहि बेकायदा ठरविल्या. बैलाची शरीररचना शर्यतीच्या धांवेसाठीं नाहीं, त्याला धांवावयास लावणें म्हणजेच क्लेश देणें, असा त्या निकालाचा आशय होता. वऱ्हाडांतील पट ओस पडले. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती करून नियमबद्ध शर्यतींना वाट करून दिली. त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती अडविली. २०२१ च्या १६ डिसेंबरास सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस परवानगी दिली, आणि २०२३ च्या १८ मे रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र ह्या तिन्ही राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरविले. नियमांचें काटेकोर पालन करविण्याची जबाबदारी त्यानें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर टाकली.

म्हणजे पट आज कायदेशीर आहे, पण तो अटींवर कायदेशीर आहे. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. बैल धांवण्यास योग्य आहेत असा पशुवैद्याचा दाखला हवा. काठी, चाबूक, खिळा, विजेचा धक्का ह्यांपैकीं कांहींहि वापरतां कामा नये. अट मोडणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतील कीं, इतक्या खटाटोपापेक्षां हा खेळ बंद झालेलाच बरा होता. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. ज्या जिवाला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्या बाजूनें बोलणारे कोणी तरी असलेंच पाहिजे, आणि २०१४ चा निकाल त्या बाजूनें बोलला. उलट खेड्यांतील माणूस म्हणतो, वर्षभर मी ह्या बैलाला पोटच्या पोरासारखा संभाळतों, पेंड घालतों, न्हाऊं घालतों. पट गेला तर बैल ठेवूं कशाला? हेंहि म्हणणें पोकळ नाहीं. यवतमाळच्या कोरडवाहू कास्तकाराच्या घरांत मिरविण्यासारख्या गोष्टी फार थोड्या असतात. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेंतील बैलबाजारांत एखाद्या जोडीभोंवतीं माणसें जमून तिच्या खुरांची, खांद्याची, डोळ्यांची तारीफ करूं लागतात, तेव्हां तिच्या धन्याची मान ताठ होते. ती ताठ मान त्याला दुसरीकडे क्वचितच लाभते. ह्या दोन बाजूंमधला निवाडा न्यायालयानें केला आहे. तो टिकेल कीं नाहीं, हें मात्र न्यायालयाच्या हातीं राहिलेलें नाहीं.

तें धुरकऱ्याच्या हातीं आहे. दाखला देणारा पशुवैद्य पटाच्या आरंभीं उभा असतो, शिपाई गर्दींत असतो. धांव सुरू झाल्यावर जोडीपाशीं एकटा धुरकरी असतो. त्याच्या मुठींत लपविलेला खिळा यंत्राला दिसत नाहीं. निशाण पडण्यापूर्वीं जोडी सोडणें, शेजारच्या जोडीला बुजविण्यासाठीं आरोळी ठोकणें, हरल्यावर राग बैलावर काढणें, ह्या साऱ्या गोष्टी तो करूं शकतो किंवा टाळूं शकतो. हे गुण दंडानें येत नाहींत. ते येतात गांवाच्या पारखीनें. ज्या गांवांत मारून जिंकलेल्या जोडीलाहि टाळ्या पडतात, तेथें कायद्याचीं पानें वाऱ्यावर उडून जातील. ज्या गांवांत बैलाच्या पाठीवरून हात फिरवून वळ शोधणारा एक म्हातारा पंचांमध्यें बसलेला असेल आणि वळ सांपडतांच पहिला नंबर खालीं आणण्याची ज्याची हिंमत असेल, तेथें शिपाई नसला तरी चालेल.

आपण शहरांतील माणसें पट पाहावयास जातों ते तमाशगीर म्हणून, आणि आपल्या आरोळ्यांचाहि भाग त्यांत असतोच. पुढच्या हंगामांत कोणी यवतमाळकडे गेलांत तर जिंकणाऱ्या जोडीचे सेकंद अवश्य ऐका. पण धांव संपल्यावर दोन पावलें पुढें जाऊन त्या बैलांच्या अंगाकडे आणि धुरकऱ्याच्या हातांकडेहि पाहा. हात रिकामे असतील आणि बैलांचीं अंगें स्वच्छ असतील, तर मग मनमुराद टाळ्या वाजवा.